रस्त्यावरचा निवाडा

(बोरिवली येथील एका वसंत व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



संयोजकांनी मला ‘रस्त्यावरील बेशिस्त आणि समाज’ असा विषय दिला आहे. विषय मोठा आहे आणि आपण सर्वांनी त्यावर एकमेकांना इतके ऐकवलेले आहे की, त्यात काही नवे सांगण्याचा दावा मी करणार नाही. खड्डे, सिग्नल, पदपथावरील अतिक्रमणे यांपैकी कशालाही आज मी हात घालणार नाही. मी एकाच कृतीविषयी बोलणार आहे. तिला शुद्ध मराठीत काय म्हणावे, याचा येताना मी विचार करीत होतो. ‘पुढील वाहनास मागे टाकणे’ असे एखाद्या सरकारी पत्रकात शोभेल. पण घरात किंवा रस्त्यात तसे कोणी म्हणत नाही. आपण ‘ओव्हरटेक’ म्हणतो, आणि तोच आपल्या अंगावर आला की ‘कट मारली’ म्हणतो. मी करतो तो ओव्हरटेक आणि दुसरा करतो ती कट! या दोन शब्दांमधील अंतर हाच माझा आजचा विषय आहे.

आजचाच प्रसंग सांगतो. अंधेरीहून निघायला मला उशीर झाला. रिक्षात बसता बसताच मी चालकाला म्हणालो, “बोरिवलीला सातच्या आत पोहोचायचे आहे, जरा बघा.” या ‘जरा बघा’चा अर्थ मुंबईतील प्रत्येक रिक्षाचालकाला कळतो. जोगेश्वरीच्या पुढे बेस्टची एक बस थांब्याकडे डावीकडे वळत होती. आमची रिक्षा बस आणि पदपथ यांच्यामधील चिंचोळ्या जागेतून निसटली. थांब्यावर उभ्या असलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी दचकून पाऊल मागे घेतले. मी घड्याळाकडे पाहिले आणि मनात म्हणालो, पोहोचतो बहुतेक. पुढे गोरेगावच्या उड्डाणपुलाच्या उतारावर एका मोटारसायकलस्वाराने आमच्या पुढून तिरकी गाडी घातली. चालकाने त्याचा यथोचित उद्धार केला आणि मीही आतून साथ दिली, “काय माणसे आहेत! घरी कोणी वाट पाहात नाही का यांची?” कांदिवली आल्यावर माझ्या लक्षात आले की, दहा मिनिटांच्या अंतराने एकच कृती दोनदा घडली होती. पहिलीविषयी माझ्या मनात समाधान होते आणि दुसरीविषयी संताप. कृती तीच होती; मी कोणत्या वाहनात बसलो होतो, एवढाच फरक.

आणि बेशिस्तीवर भाषण करायला निघालेला हा वक्ता! आपण हसलात, ते योग्यच झाले.

आता थोडा मागे जातो. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी गणपतीला गावी जाताना आम्ही तीन कुटुंबांनी मिळून एक गाडी भाड्याने केली होती. तेव्हा मुंबई-गोवा महामार्ग दुपदरी होता, कशेडीच्या बोगद्याचे नावही कोणी ऐकलेले नव्हते आणि घाट हा घाटासारखाच चढावा लागे. आमचा चालक पंचविशीतला, हसतमुख मुलगा होता. घाटात पुढे एसटी, एसटीपुढे मालाने भरलेला ट्रक, आणि दोघांच्या धुराने मुलांना मळमळू लागलेले. त्याने एका वळणाच्या अलीकडे दोन्ही वाहने एका दमात मागे टाकली. समोरून आलेली जीप आणि आम्ही यांच्यामध्ये किती अंतर उरले होते, ते आज सांगवत नाही. पण त्या क्षणी गाडीत काय झाले? मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या मेहुण्यांनी मागून त्याच्या पाठीवर थाप मारली. गावी पोहोचल्यावर ओटीवर बसून आम्ही तो प्रसंग तीन-तीनदा सांगितला आणि परतीच्या प्रवासासाठी ‘तोच मुलगा हवा’ असा आग्रहही धरला. ‘हात साफ आहे त्याचा,’ असे आम्ही म्हणत होतो.

त्या दिवशी ती जीप दोन सेकंद आधी वळणावर आली असती, तर त्याच मुलाला वृत्तपत्रांनी ‘बेफाम चालक’ म्हटले असते आणि माझ्या मेहुण्यांच्या भावांनी त्याला आणखी काय काय म्हटले असते. त्याची कृती दोन्ही प्रसंगी एकच राहिली असती. त्याला वळणापलीकडचे दिसत नव्हते आणि न दिसताच तो गेला, एवढे या घटनेतील सत्य आहे. जीप कधी आली, हा त्याच्या कर्तृत्वाचा भाग नव्हता. आम्ही मात्र निवाडा केला तो जीप कधी आली यावरून.

ही गोष्ट केवळ भावनेने सांगतो आहे असे वाटू नये, म्हणून थोडे गणित करू. मी कलाशाखेचा पदवीधर आहे, त्यामुळे गणित सोपे असेल याची खात्री बाळगा. दुपदरी रस्त्यावर पुढचा ट्रक ताशी ६० किलोमीटरने जातो आहे आणि आपण ८०ने त्याला ओलांडणार आहोत. वेगातला फरक २०चा, म्हणजे दर सेकंदाला आपण त्याच्यापेक्षा जेमतेम साडेपाच मीटर पुढे सरकतो. ट्रकच्या मागे वीस मीटर, ट्रकची लांबी सुमारे दहा मीटर आणि त्याच्या पुढे सुरक्षितपणे परत येण्यासाठी आणखी वीस मीटर, असे पन्नास मीटर आपल्याला कमवायचे आहेत. त्याला नऊ सेकंद लागतात. एवढ्या अवधीत आपली गाडी दोनशे मीटर रस्ता कापते. समोरून येणाराही ८०नेच येत असेल, तर तोही दोनशे मीटर जवळ येतो. म्हणजे बाहेर पडण्याच्या क्षणी निदान चारशे मीटर रस्ता आपल्याला मोकळा दिसायला हवा, आणि तोही काही शिल्लक न ठेवता. आपल्या बारा डब्यांच्या लोकलची लांबी अडीचशे मीटरच्या आसपास असते. दीड लोकलहून अधिक लांबीचा मोकळा रस्ता! कोकणातल्या घाटात तो कुठे मिळतो, ते ज्यांचे गाव तिकडे आहे त्यांनी सांगावे. आमचा तो मुलगा बाहेर पडला तेव्हा आम्हाला फार तर साठ-सत्तर मीटर दिसत होते.

दुपदरी रस्ते चारपदरी, सहापदरी झाले, मध्ये दुभाजक आले आणि समोरासमोरची धडक कमी झाली. हे चांगलेच झाले. परंतु ओव्हरटेकचा प्रश्न त्यामुळे संपला नाही. तो उजवीकडून डावीकडे सरकला. याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण आपल्यापासून फार दूर नाही. दहिसरचा नाका ओलांडून अहमदाबाद महामार्गाला लागल्यावर पालघर जिल्ह्यात चारोटी लागते. तेथे सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी, रविवारी दुपारी अडीचच्या सुमारास, टाटा सन्सचे माजी अध्यक्ष सायरस मिस्त्री यांच्या मोटारीला अपघात झाला. मागच्या आसनांवर बसलेले मिस्त्री आणि त्यांचे स्नेही जहांगीर पंडोल हे दोघेही गेले. पुढे बसलेले पती-पत्नी गंभीर जखमी झाले. त्यांतील पत्नी गाडी चालवीत होत्या. मुंबईतील त्या एक नामांकित डॉक्टर.

मी तेव्हा वृत्तपत्राच्या कचेरीत होतो. त्या रात्री आणि पुढचे दोन दिवस निवाड्यांचा जो पूर आला, तो मी जवळून पाहिला. पहिला निवाडा वेगाचा. तपासणी नाक्यावरील कॅमेऱ्याच्या आधारे ‘नऊ मिनिटांत वीस किलोमीटर’ हे गणित सर्वत्र छापून आले. ताशी १३३ किलोमीटर, भागाकार करायला कोणालाही वेळ लागला नाही. दुसरा निवाडा, चालक स्त्री होती याचा. त्याविषयी मी अधिक काही बोलत नाही. समोर बसलेल्या भगिनींनी तो निवाडा आयुष्यभर ऐकलेला आहे. तिसरा निवाडा सीटबेल्टचा. मागे बसलेल्या दोघांनी पट्टे लावले नव्हते, हे पोलिसांनी सांगितले आणि चर्चा तिकडे वळली. केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी मागच्या प्रवाशांनाही पट्टा लावावाच लागेल असे जाहीर केले आणि मुंबई पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांसाठी तो सक्तीचा केला. कायद्यात ही तरतूद आधीपासूनच होती, हा भाग वेगळा. चौथा निवाडा रस्ता बांधणाऱ्यांविरुद्ध.

चौकशीतून जे पुढे आले ते यांपैकी कोणत्याही एका निवाड्यात पुरते बसणारे नव्हते. गाडीच्या यंत्रणेत नोंदली गेलेली माहिती कंपनीने पोलिसांना दिली, त्यानुसार धडकेच्या पाच सेकंद आधी वेग १०० होता आणि ब्रेक लावल्यामुळे धडकेच्या वेळी तो ८९वर आलेला होता. त्या ठिकाणी तीन मार्गिकांचा रस्ता पुलावर दोन मार्गिकांचा होतो. तिसऱ्या मार्गिकेतून येणाऱ्याला पुलाआधी दुसरीत शिरावे लागते. पुढे बसलेल्या पतींनी पोलिसांना दिलेल्या जबाबानुसार, गाडी तिसऱ्या मार्गिकेतून दुसरीत घेताना तेथे ट्रक होता आणि जागा मिळाली नाही. समोर पुलाचा कठडा होता. डावीकडून पुढे जाण्याचा प्रयत्न केला, असा पोलिसांचा आरोप होता. दोन महिन्यांनी, नोव्हेंबर २०२२मध्ये, कासा पोलीस ठाण्यात निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याचा गुन्हा नोंदवला गेला. याहून गंभीर, म्हणजे सदोष मनुष्यवधाचे कलम लावावे अशी मागणी करणारी याचिका जानेवारी २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने फेटाळली.

म्हणजे डावीकडून जाणे होते, अरुंद होणारा रस्ता होता, पुढे आलेला कठडा होता आणि न लावलेले पट्टेही होते. आपल्याला मात्र एकच आरोपी हवा होता, आणि तोही त्याच रात्री.

याच्या बरोबर तीन आठवडे आधी, १४ ऑगस्ट २०२२ रोजी, त्याही दिवशी रविवारच होता, पहाटे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर माडप बोगद्याजवळ शिवसंग्रामचे नेते विनायक मेटे यांची गाडी ट्रकवर मागून आदळली आणि आपण एक धडपडणारा कार्यकर्ता गमावला. तेथे गाडी पगारी चालक चालवीत होता. राज्य गुन्हे अन्वेषण विभागाने पुढे त्याच्यावरही गुन्हा नोंदवला. दोन्ही खटल्यांचे गुणदोष हा न्यायालयाचा विषय आहे आणि मी त्यात जात नाही. पण त्या दिवसांत लोकलमध्ये आणि कचेरीत जी चर्चा ऐकली, तिच्यातला फरक मला विसरता आलेला नाही. चारोटीच्या बाबतीत सुशिक्षित मंडळी म्हणत होती, ‘काय रस्ते बांधतात हे!’ माडपच्या बाबतीत तीच मंडळी म्हणत होती, ‘ड्रायव्हर लोकांचे हे असेच.’ चाकामागे डॉक्टर असेल तर आपल्याला कठडा दिसतो. पगारी चालक असेल तर कठडा दिसेनासा होतो.

हे मी दुसऱ्यांवर ढकलत नाही. यात माझा स्वतःचा वाटा आहे, आणि तोच सांगण्यासाठी खरे तर मी हे निमंत्रण स्वीकारले.

मी पत्रकारितेत नवा होतो तेव्हाची गोष्ट. रात्रपाळीला होतो. पूर्व उपनगरातून वार्ताहराचा फोन आला की, लालबहादूर शास्त्री मार्गावर डंपरखाली येऊन एक स्कूटरस्वार ठार झाला आहे, जमावाने डंपर फोडला आणि चालकाला बेदम मारले. मुलगा वीस-बावीस वर्षांचा, महाविद्यालयात शिकणारा. पान सुटायला अर्धा तास होता. मी मथळा दिला, ‘बेफाम डंपरने तरुणाला चिरडले’. ‘बेफाम’ हा शब्द वार्ताहराने सांगितलेला नव्हता, तो माझा. डंपर म्हटला की तो बेफामच असतो, आणि कोणी गेला की तो चिरडलेलाच असतो. हे शब्द आमच्याकडे खिळे जुळवून तयारच असल्यासारखे असतात. ‘काळाचा घाला’, ‘ताबा सुटल्याने’, ‘भरधाव’. ताबा कसा सुटला, धाव किती भर होती, हे विचारण्याची गरजच उरत नाही.

चार-पाच दिवसांनी त्या भागातील एका वाहतूक हवालदारांशी चहाच्या टपरीवर गाठ पडली. ते त्या चौकात उभे होते. त्यांनी टेबलावर दोन कप ठेवून मला दाखवले. डंपर डावीकडे वळत होता. त्याचा डावा दिवा लागलेला होता. स्कूटर मागून डाव्या बाजूने वेगात आत शिरली. “साहेब, त्या केबिनमधून डाव्या चाकाशेजारचे काहीच दिसत नाही. तुम्ही एकदा बसून बघा.” मी म्हणालो, “मग तुम्ही जमावाला सांगितले का?” ते म्हणाले, “सांगत होतो. कोण ऐकतो? तुमच्या पेपरातही तेच आले.”

मी कचेरीत जाऊन वरिष्ठांना विचारले की, खुलासा देऊ का. ते म्हणाले, बातमी शिळी झाली, आणि मुलाच्या घरच्यांच्या दुःखावर मीठ कशाला? त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे होते असे मला आजही म्हणवत नाही. त्या माउलीला ‘तुझ्या मुलाचीच चूक होती’ असे छापील सांगणारा मी कोण? पण ज्याने मार खाल्ला, त्याच्याही घरी कोणी माउली असेलच. तो चालक कोठला, त्याचे पुढे काय झाले, त्याला नोकरी राहिली की नाही, यांतले काहीही मी विचारले नाही. मुलाचे नाव, महाविद्यालय, वर्ग, सारे आम्ही छापले होते. चालकाचे नाव मात्र मला तेव्हाही ठाऊक नव्हते आणि आजही नाही. पुढे एकदा मी ओळखीने उभ्या डंपरच्या केबिनमध्ये बसून पाहिले. हवालदार म्हणाले ते अक्षरशः खरे होते. डाव्या दारालगत उभा केलेला आमचा धडधाकट छायाचित्रकार मला दिसेना. आजकाल जादा आरसे लावतात, तरीही तो अंध कोपरा पूर्ण जात नाही. ज्यांच्या घरात दुचाकी चालवणारी मुले आहेत, त्यांनी शक्य असेल तर आपल्या मुलाला एकदा उभ्या ट्रकच्या आसनावर बसवून डावीकडे पाहायला सांगावे. शंभर वेळा रागावण्यापेक्षा ते उपयोगी पडेल.

आता जमावाविषयी. हा भाग बोलायला कठीण आहे, कारण घटना आपल्याच उपनगरातली आहे आणि जखम ताजी आहे.

१२ ऑक्टोबर २०२४. दसऱ्याचा दिवस. मालाड पूर्व. हैदराबादला नोकरी करणारा एक सत्तावीस वर्षांचा तरुण सणासाठी घरी आला होता. नवी गाडी घ्यायची होती. रस्त्यात एका रिक्षाने त्याच्या वाहनाला कट मारली. शब्दाला शब्द लागला. रिक्षाचालकाच्या बाजूने माणसे जमली आणि त्याला मारू लागली. त्याची आई त्याला वाचवण्यासाठी त्याच्या अंगावर पडली, वडिलांनाही मार बसला. मुलगा वाचला नाही. आईने लेकराला पाठीखाली घेतल्याचे ते चित्रण आपल्यापैकी अनेकांनी मोबाइलवर पाहिले असेल. मी ते एकदा पाहिले आणि दुसऱ्यांदा पाहू शकलो नाही. पण ते चित्रण आहे याचा अर्थ ते करणारा हात तेथे होता, आणि तो हात दुसऱ्या कामाला आला नाही.

मघा सांगितलेल्या डंपरच्या घटनेत जमावाला निदान एक मृतदेह दिसत होता. मालाडमध्ये ओव्हरटेकने कोणाला खरचटलेही नव्हते. एक कट आणि तिच्याबद्दल विचारलेला जाब, एवढ्यावर एका घराचा दसरा संपला. आपण उपनगरातील माणसे मुळात काही हिंस्र नाही. गच्च भरलेल्या गाडीत आपण चौथ्या जागेवर सरकून बसतो, पडलेल्याला हात देतो. महापुरात, बाँबस्फोटांत, २६ जुलैच्या रात्री या शहरातील माणसांनी काय केले, ते जगाने पाहिले आहे. मग चार चाकांच्या आसपासच आपल्यात हे काय संचारते? मला वाटते, रस्त्यावर आपल्याला कृती दिसतच नाही, अपमान दिसतो. ‘त्याने धोकादायक रीतीने गाडी घातली’ हा विचार मनात येण्याआधी ‘त्याने मला मागे टाकले’ हा येतो. पहिल्या विचाराला उत्तर आहे. गाडीचा क्रमांक टिपून घ्या, पोलिसांना कळवा. दुसऱ्या विचाराला असले उत्तर पुरत नाही, म्हणून मग आपण त्याला पुन्हा मागे टाकायला निघतो किंवा गाडीतून उतरतो.

या जमावाच्या भीतीचे एक फळ आपण सर्वांनीच चाखले आहे. जानेवारी २०२४च्या पहिल्या दोन दिवसांत पेट्रोल पंपांवर लागलेल्या रांगा आठवा. नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६मध्ये, अपघातात मृत्यू घडवून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्या चालकाला दहा वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली होती. त्याविरुद्ध मालवाहतूकदार आणि टँकरचालकांनी काम थांबवले. त्यांच्या बोलण्यात एक वाक्य सतत येत होते: थांबलो तर लोक जिवंत सोडत नाहीत. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली, तेव्हा ती तरतूद मात्र रोखून ठेवण्यात आली. पळून जाणाऱ्याचे समर्थन मी करत नाही. रस्त्यात विव्हळणाऱ्याला सोडून जाणे हे पापच आहे. पण त्याच्या पळण्यात आपल्या मुठींचाही हिस्सा आहे, हे मान्य केल्याखेरीज पुढे जाता येत नाही. जखमीला रुग्णालयात नेणाऱ्या सज्जनाला पोलिसांनी वा रुग्णालयाने त्रास देऊ नये, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१६मध्ये दिला आणि मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीने तसे संरक्षण आले. दहा जण मारायला धावतात त्यांतल्या दोघांनी जरी जखमीकडे धाव घेतली तरी त्याला कायद्याचा आधार आहे.

याच दुरुस्तीतील आणखी एक गोष्ट फारशी कोणाच्या लक्षात आलेली नाही. कलम १८४, धोकादायक रीतीने वाहन चालवणे. त्यात आता नियमाविरुद्ध ओव्हरटेक करण्याचा स्पष्ट उल्लेख आहे. पहिल्या वेळी एक ते पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद. अपघात व्हायला हवा, अशी अट त्यात नाही. कोणाला लागले नाही, काही मोडले नाही, तरी ती कृती गुन्हाच. घाटातला आमचा तो चालक या कलमात बसतो, आजचा माझा रिक्षाचालकही बसतो. कायद्याला हे कळले आहे. आपण मात्र अजून ‘काही झाले का? नाही ना? मग सोड’ या हिशेबावर चालतो, आणि झालेच काही, तर त्याच हिशेबाने एकदम फासावर लटकवायला निघतो.

येथे थोडे विषयांतर करतो, कारण न्याय करायचा तर तो मागे पडणाऱ्याचाही केला पाहिजे. आपल्या महामार्गांवर डावीकडून ओव्हरटेक इतके का होतात? कारण उजवी मार्गिका अडलेली असते. ताशी चाळीसने जाणारा भरलेला ट्रक किंवा निवांतपणे फोनवर बोलत चाललेली मोटार उजव्या मार्गिकेत ठाण मांडते. मागच्याने दिवे दाखवले तर ती सरकत नाही, कारण सरकणे म्हणजे हार! वाहन चालवण्याचे जे नियम केंद्र सरकारने २०१७मध्ये नव्याने लागू केले, त्यांत ओव्हरटेक करणाऱ्याइतकीच बंधने ज्याला ओलांडले जात आहे त्याच्यावरही आहेत. त्याने वेग वाढवू नये, अडवू नये. किती जणांना हे ठाऊक आहे? आपण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आठचा आकडा काढायला शिकतो, दुसऱ्याला पुढे जाऊ द्यायला शिकत नाही. पश्चिम द्रुतगती महामार्गावर मेट्रोच्या कामामुळे कित्येक वर्षे पत्रे लागलेले होते आणि जागोजागी मार्गिका एकमेकींत मिसळत होत्या. एक गाडी इकडची, एक गाडी तिकडची, अशी सोडण्याची सवय आपल्याला तेव्हा लागायला हरकत नव्हती. सक्तीचा अभ्यासक्रमच होता तो. पण आपण त्यात काय शिकलो, तर पत्र्याला घासून पुढे कसे घुसावे हे!

माझ्या पुतण्याने दोन वर्षांपूर्वी मोटारसायकल घेतली. हौसेने मला म्हणाला, “काका, बसा, मुलुंडहून घाटकोपरला सोडतो.” बसलो. भांडुपच्या आसपास त्याने एका पाण्याच्या टँकरला डावीकडून घातले. माझ्या गुडघ्यापासून टँकरच्या चाकापर्यंत वीतभर अंतर असेल. घाटकोपरला उतरल्यावर मी त्याला म्हणालो, “तू हे काय केलेस?” तो मनापासून गोंधळला. म्हणाला, “काय झाले काका? काही झाले नाही ना?” त्याचा चेहरा आमच्या त्या कोकणातल्या चालकासारखाच होता, तितकाच निरागस. मी त्याला कशेडीची गोष्ट सांगू लागलो आणि मध्येच थांबलो, कारण ती गोष्ट मीच त्याला लहानपणी शौर्यकथा म्हणून सांगितलेली होती. “तुम्हीच तर सांगायचात,” तो म्हणाला, “एसटी आणि ट्रक, दोन्ही एका दमात.”

मग आम्ही दोघे समोरच्या उपाहारगृहात बसलो. मी हवालदारांसारखे दोन कप टेबलावर मांडले आणि त्याला ती लालबहादूर शास्त्री मार्गाची गोष्ट सांगितली. आम्ही छापलेल्या मथळ्यासकट. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने विचारले, “त्या डंपरवाल्याचे काय झाले?” इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता.

मला वेळेची चिठ्ठी आली आहे. परतीच्या प्रवासालाही मी रिक्षाच करणार आहे. बसल्याबरोबर चालकाला काय सांगायचे ते मघाशीच ठरवले आहे: “सावकाश चला, मला कुठेच वेळेवर पोहोचायचे नाही.”